माहेरच्या होळीला लेकीचं नाव

एलिझाबेथ शार्लोटे, घरातली लीझेलोटे, हिचं लग्न म्हणजे तिच्या वडिलांचा राजकीय हिशेब होता. कार्ल लुडविग हा जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या फाल्ट्स संस्थानाचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) उजाड झालेला मुलूख जेमतेम सावरत होता आणि शेजारी होता चौदाव्या लुईचा फ्रान्स. पोरगी तिकडे दिली की सरहद्दीची काळजी मिटली, असं त्यानं धरलं.

१६७१ मध्ये एकोणीस वर्षांची लीझेलोटे लुईचा धाकटा भाऊ फिलीप, ऑर्लेआंचा ड्यूक, याला दिली गेली. नवरा बिजवर. मेत्झमध्ये तिला आधी प्रोटेस्टंट पंथ सोडावा लागला, मग नवऱ्याच्या गैरहजेरीत प्रतिनिधी उभा करून लग्न उरकलं. फिलीपचा ओढा पुरुषांकडे होता. तीन मुलं झाल्यावर दोघांनी संगनमतानंच बिछाने वेगळे केले. दिराशी मात्र तिचं शिकारीमुळे चांगलं जमायचं.

१६८५ मध्ये वडिलांमागून गादीवर आलेला तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि वडिलांचा हिशेब साफ उलटला. लुईनं वहिनीच्या नावानं फाल्ट्सच्या वारशावर दावा लावला. वहिनीची इच्छा कोण विचारतो! १६८८ ला फ्रेंच फौजा घुसल्या. १६८९ मध्ये मानहाइम जमीनदोस्त झालं, हायडेलबर्गचा किल्ला जाळला गेला. जे उरलं ते १६९३ मध्ये सुरुंगांनी उडवलं. डोळा लागला की हायडेलबर्ग नाहीतर मानहाइमचीच राखरांगोळी दिसते, दचकून जाग येते, असं तिनं हॅनोव्हरच्या सोफीआत्याला लिहिलं.

ही पत्रं तिची खरी कमाई. हजारोंनी लिहिली, बरीचशी जर्मनमध्ये, आणि टपालात ती फोडली जातात हे माहीत असूनही. राजाची गुपचूप केलेली बायको मादाम द मँतनों हिला त्यांत शेलक्या शिव्या. सतराव्या शतकातल्या दरबारात हे धाडस की हट्ट? मला हट्टच वाटतो. १७०१ मध्ये फिलीप वारला, तेव्हा भेटीला आलेल्या मँतनोंनं तिचंच एक पत्र तिच्यापुढे ठेवलं, आणि लीझेलोटेला रडत माफी मागावी लागली.

फाल्ट्सवरचा दावा १७०२ मध्ये पोपच्या लवादानं रोख रकमेवर मिटवला.