पितळ उघडे पडण्याच्या भीतीचे माप

२०२० साली ब्रवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. 'मी या जागेला लायक नाही, एक ना एक दिवस माझे पितळ उघडे पडणार' असे आतून वाटणारी माणसे किती, हा प्रश्न होता. इंग्रजीत या भावनेला 'इम्पोस्टर', म्हणजे तोतया, या शब्दावरून नाव पडले आहे. एकूण १४,१६१ जणांची माहिती हाताशी होती. उत्तर आले ते ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत. कोणती प्रश्नावली वापरली आणि किती गुणांवर रेघ ओढली, यावर हा आकडा हलत होता. एवढी तफावत का पडते हे समजून घ्यायचे तर या प्रश्नावल्या जन्मल्या कशा, तिथपर्यंत मागे जावे लागते.

पॉलीन क्लान्स या मानसशास्त्रज्ञ स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रत्येक परीक्षेनंतर आपण नापास होणार या धास्तीत असत. पुढे ओहायोतील ओबर्लिन कॉलेजात त्या काम करू लागल्या, तेव्हा उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थिनी त्यांच्यापुढे बसून हीच भीती बोलून दाखवू लागल्या. त्याच सुमारास स्त्री-पुरुष आपल्या यशाची कारणे कशी सांगतात यावर संशोधन चालू होते. पुरुष यशाचे श्रेय स्वतःच्या कुवतीला देतात, बायका नशिबाला किंवा तात्पुरत्या मेहनतीला, असे त्यातून दिसत होते. क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ साली जो निबंध लिहिला त्याला हा आधार होता. समुपदेशनात, गटांत आणि वर्गात भेटलेल्या दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांविषयीची ती निरीक्षणे होती. या स्त्रिया बहुतांशी गोऱ्या, मध्यम किंवा उच्च मध्यमवर्गीय, वीस ते पंचेचाळीस वयाच्या. घरात एका मुलीला 'हुशार' आणि दुसरीला 'समजूतदार, मनमिळाऊ' ठरवून टाकले जाते, मग दुसरीने कितीही गुण आणले तरी घरचे मत बदलत नाही. अशा कहाण्या त्यात आहेत. मला तो निबंध आजही फार जिवंत वाटतो, कारण त्यात माणसे दिसतात. मोजपट्टी मात्र त्यात नव्हती. किती टक्के, हा प्रश्नच त्यांनी घेतलेला नव्हता.

पहिली मोजपट्टी आली १९८१ मध्ये. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात जोन हार्वे यांनी पीएचडीसाठी १४ विधानांची प्रश्नावली केली. क्लान्स यांना ती अपुरी वाटली. लोक आपल्याला जोखतील ही भीती, मिळालेले यश पुन्हा जमेल का ही शंका, इतरांपेक्षा आपण कमी आहोत ही बोच. हे सारे त्यांच्या खोलीत रोज ऐकू येत होते. म्हणून १९८५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी २० विधाने दिली. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे बेरीज २० ते १००. चाळीसपर्यंत ही भावना थोडी, साठपर्यंत मध्यम, ऐंशीपर्यंत वारंवार, त्यापुढे तीव्र. जगभर आज सर्वाधिक वापर होतो तो याच मोजपट्टीचा. १९९३ साली क्लान्स यांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासाने ६२ ही सीमारेषा सुचवली. म्हणजे चाळीस, साठ, ऐंशी या पायऱ्या एकीकडे आणि ६२ ची रेघ दुसरीकडे. ज्या संशोधकाने जी उचलली, तसा त्याचा टक्का.

दरम्यान येल विद्यापीठात कोलिजियन आणि स्टर्नबर्ग यांनी १९९१ मध्ये ५१ विधानांची वेगळी प्रश्नावली काढली. आपण खोटे आहोत असे वाटणे हा आजार नव्हे, स्वतःकडे पाहण्याची एक रीत आहे, असा त्यांचा रोख होता. मला हा रोख पटतो. 'इम्पोस्टर सिंड्रोम' यातला 'सिंड्रोम', म्हणजे रोगलक्षणांचा समूह, हा शब्द नंतर लोकांनी चिकटवला. क्लान्स आणि आइम्स यांच्या निबंधात तो शब्द नव्हता आणि मनोविकारांच्या अधिकृत याद्यांतही हे निदान नाही. त्या एका शब्दाने कितीतरी तरुण मुलामुलींना, आपल्याला काहीतरी रोग आहे असे उगाच वाटू लागले.

मार्क लिअरी यांच्या गटाने २००० साली सात विधानांची आटोपशीर प्रश्नावली बनवली, पण त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. या भावनेत जास्त गुण मिळवणारे लोक 'मला हे नीट जमणार नाही' असे सांगत होते ते मुख्यतः त्यांचे उत्तर इतरांना कळणार असेल तेव्हा. उत्तर गुप्त राहणार असले की हा फरक उरत नव्हता. मग कागदावरचा गुण भीतीचा, की नम्रतेचा?

विद्यार्थ्यांमधले आकडे पुढे येत राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेत १३८ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीत सुमारे निम्म्या मुली आणि एक चतुर्थांश मुलगे या भावनेच्या कक्षेत आले. तिथे वापरली होती आणखी एक वेगळी, आठ प्रश्नांची चाचणी. २०१९ साली मॅक आणि सहकाऱ्यांनी सगळ्या मोजपट्ट्या तपासल्या आणि सर्वमान्य म्हणावी अशी एकही नाही, असे नमूद केले.

मराठीत हे मोजायचे ठरवले तर अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'तोतया' म्हटले की आपल्याला पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला माणूस आठवतो, ज्याला १७७६ साली पुण्यात देहान्त शासन झाले. तो भाऊ नव्हता आणि हे त्याला ठाऊक होते. इथे नेमके उलटे आहे : माणूस खरा, आणि त्याला स्वतःलाच ते पटत नाही. म्हणून मी तरी भाषांतरात 'तोतया' वापरणार नाही.

त्याहून अवघड आहे नशिबाविषयीचे विधान. 'माझ्या यशात नशिबाचा वाटा आहे' या अर्थाच्या ओळीपुढे बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीला बसवा. पेढे देताना ती म्हणते, 'देवाची कृपा, आईबाबांची पुण्याई, आणि पेपरही सोपा होता.' शेजारच्या काकूंशी कसे बोलावे हे ती लहानपणापासून शिकली आहे. तिने पाचपैकी पाच गुण लिहिले तर त्यातले किती भीतीचे आणि किती घरच्या वळणाचे, हे त्या वीस विधानांतून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी तिच्याशी आधी एक तास बोलावे लागेल, क्लान्स ओबर्लिनमध्ये बोलत होत्या तसे.