तूट कोणाच्या खात्यावर?

मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाचा खर्च भागवायला कर्जाने भरून काढावी लागणारी एकूण रक्कम, १ लाख ३६ हजार कोटींच्या घरात आणि आजवरचे साचलेले कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी. विरोधकांनी लगेच ‘लाडकी बहीण’कडे बोट दाखवले. ते चुकीचे नव्हते. पण चार महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत हेच विरोधक दीड हजाराऐवजी तीन हजार देऊ म्हणत होते, आणि सत्ताधारी एकवीसशे. तूट कोणाची, हा वाद आपल्याकडे असाच चालतो. खर्च एकाच्या काळात ठरतो, हप्ते दुसऱ्याच्या काळात जातात, आणि तूट म्हणजे नेमके काय याची व्याख्याही अधूनमधून बदलते.

सुरुवात १९५५ पासून करावी लागेल. केंद्राची रोकड ५० कोटींच्या खाली आली की रिझर्व्ह बँकेने आपोआप अॅड हॉक ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारच्या नावावरची अल्पमुदतीची कर्जपत्रे, काढून ती भरून द्यायची, अशी व्यवस्था त्या वर्षी ठरली. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे पूर्वी रिझर्व्ह बँकेचेच गव्हर्नर राहिलेले. चार दिवसांची अडचण निभावण्यासाठीची ही सोय पुढे चाळीसहून अधिक वर्षे टिकली. सरकारला पैसा कमी पडला की रिझर्व्ह बँकेने छापायचा, संसदेला विचारायचेही कारण नाही. आणि ‘अर्थसंकल्पीय तूट’ म्हणून जो आकडा भाषणात वाचला जाई, त्यात बाजारातून आणि अल्पबचतीतून घेतलेले कर्ज धरलेलेच नसे. कर्ज हीच जमा! यशवंतराव चव्हाणांचा १९७३-७४ चा अर्थसंकल्प ५५० कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून अजून ओळखला जातो. त्यामागे बांगलादेशचे युद्ध होते, १९७२ चा दुष्काळ होता. काळा म्हणून गाजलेला तो आकडाही जुन्या, आखूड पट्टीनेच मोजलेला होता.

कर्ज काढून धरण बांधणे वेगळे आणि कर्ज काढून पगार व व्याज भागवणे वेगळे. हा दुसरा प्रकार म्हणजे महसुली तूट, आणि ती केंद्राच्या खात्यात कायमची येऊन बसली १९७९-८० पासून. ही कोणाच्या नावावर टाकायची? त्या एकाच आर्थिक वर्षात देशाने तीन पंतप्रधान पाहिले. एप्रिलमध्ये मोरारजी देसाई, जुलैअखेरीस चरणसिंग, जानेवारीत इंदिरा गांधी.

ऐंशीच्या दशकात मात्र काँग्रेसला हात झटकता येणार नाहीत. १९७० च्या दशकाच्या मध्याला राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेली राजकोषीय तूट १९९०-९१ पर्यंत आठ टक्क्यांच्या पुढे गेली. हा हिशेब खुद्द मनमोहन सिंगांनी २४ जुलै १९९१ च्या भाषणात दिला होता. पण मधल्या साखळीतली माणसे पाहा. तूट सर्वाधिक फुगलेल्या वर्षांपैकी एक १९८६-८७. त्याचा अर्थसंकल्प मांडणारे विश्वनाथ प्रताप सिंग पुढे काँग्रेस सोडून, तिलाच हरवून पंतप्रधान झाले. १९८९ चा अर्थसंकल्प शंकरराव चव्हाणांचा, १९९० चा राजापूरचे खासदार मधु दंडवते यांचा. नांदेड आणि कोकण, काँग्रेस आणि जनता दल. दंडवत्यांच्या वाट्याला रिकामी तिजोरी आली हे खरे, पण शेतकऱ्यांचे दहा हजारांपर्यंतचे कर्ज माफ करण्याचे पक्षाचे आश्वासनही त्यांनाच निभवावे लागले. त्यात ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर चढाई केली आणि तेल भडकले.

नोव्हेंबर १९९० मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्यावर चंद्रशेखर आले. अर्थमंत्री यशवंत सिन्हा, पंतप्रधानांचे आर्थिक सल्लागार मनमोहन सिंग. सिन्हांना पूर्ण अर्थसंकल्प मांडू दिला गेला नाही. मार्चमध्ये लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवावे लागले आणि सरकारच कोसळले. मे महिन्यात वीस टन सोने स्विस बँकेकडे गेले ते या काळजीवाहू सरकारच्या काळात, आणि जुलैत सुमारे ४७ टन गहाण पडले ते नरसिंह रावांच्या. ‘देशाचे सोने गहाण टाकणारे’ हा टोमणा मारायचाच असेल, तर तो निदान दोघांत वाटून घ्यावा लागतो.

अॅड हॉक बिलांना आवर घालणारा पहिला करार सप्टेंबर १९९४ मध्ये काँग्रेस सरकारने केला. ती प्रत्यक्षात बंद झाली एप्रिल १९९७ मध्ये, संयुक्त आघाडीच्या काळात. वित्तीय शिस्तीच्या कायद्याचेही तेच. विधेयक डिसेंबर २००० मध्ये यशवंत सिन्हांनी आणले, २००३ मध्ये जसवंत सिंग अर्थमंत्री असताना ते संमत झाले, आणि कायदा लागू झाला जुलै २००४ मध्ये, काँग्रेस आघाडी आल्यावर. महसुली तूट शून्यावर, राजकोषीय तूट तीन टक्क्यांवर आणायची होती. २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट अडीच टक्क्यांपर्यंत उतरली. पण त्याच वर्षांत पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवल्याचा तोटा तेल कंपन्यांना रोख न देता रोख्यांनी भागवला जात होता, आणि तो तुटीत दिसत नव्हता. मग सहावा वेतन आयोग, ६० हजार कोटींची कर्जमाफी म्हणून जाहीर झालेली योजना, जागतिक मंदी. २००८-०९ मध्ये तूट सहा टक्क्यांवर.

या तेलरोख्यांचे राजकारण २०२१ मध्ये पुन्हा रंगले. आधीच्या सरकारने ठेवलेले ओझे फेडायचे असल्यामुळे इंधनावरचा कर कमी करता येत नाही, असे निर्मला सीतारामन म्हणाल्या. रोखे खरेच होते, मुद्दल सव्वा लाख कोटींच्या पुढे, २०२६ पर्यंत फेडायचे. मात्र २०२०-२१ या एकाच वर्षात केंद्राला इंधनावरच्या उत्पादन शुल्कातून तीन लाख कोटींहून अधिक मिळाले होते. आणि असेच नऊ हजार कोटींचे रोखे २००२ मध्ये वाजपेयी सरकारनेही काढले होते. भाजपचाही आपला आडोसा होता. अन्नधान्यावरचे अनुदान रोखीने न देता अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज द्यायचे, म्हणजे ते तुटीत मोजले जात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सीतारामन यांनीच हा प्रकार बंद केला तेव्हा सुधारित अंदाजात अन्न अनुदान १ लाख १५ हजार कोटींवरून एकदम ४ लाख २२ हजार कोटींच्या पुढे गेले. त्यात करोनातले मोफत धान्य होते आणि मागची थकबाकीही. महसुली तूट शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट तर २०१८ च्या दुरुस्तीत कायद्यातूनच गेले.

महाराष्ट्रात या आडोशाला थकहमी म्हणतात. कृष्णेचे आपल्या वाट्याचे पाणी ३१ मे २००० पूर्वी अडवले पाहिजे, या घाईत शिवसेना-भाजप युतीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले. महामंडळाने बाजारात कर्जरोखे विकले, हमी राज्य सरकारची. युती १९९९ मध्ये गेली. व्याजाचे हप्ते आणि अर्धवट धरणे काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या वाट्याला आली. आघाडीने २००४ च्या निवडणुकीआधी शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली, निवडणूक जिंकली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली.

खर्चाबरोबर कर लावण्याचे एक उदाहरण याच राज्यात आहे. दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, वर १९८९ च्या अर्थसंकल्पात भेटले तेच. अनेक नोकरदारांच्या पगारातून तो आजही कापला जातो, दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. लाडकी बहिणीच्या वर्षाकाठी ४६ हजार कोटींच्या अंदाजासोबत असा कोणताही कर आला नाही, आणि तीन हजारांच्या जाहीरनाम्यातही तो नव्हता.