रोज सकाळच्या बॅकअप-मेलमधल्या ओळी कशा वाचाव्यात

तुमचा डेटाबेस आमच्याकडे असेल, तर रोज सकाळी तुम्हाला आमच्याकडून पाच-सहा ओळींचा एक मेल येतो. बहुतेक जण तो उघडत नाहीत, आणि त्यात आम्हाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण एका ग्राहकाने तो महिनाभर नेमाने वाचला आणि मग जरा दबकतच फोन केला, ‘तुमच्या मेलमध्ये रोज डंपसमोर शून्य लिहिलेलं असतं. म्हणजे आमचा बॅकअप होतच नाही का?’

चूक त्यांची नव्हती, न समजावता आकडे पाठवणाऱ्या आमची होती. डंप म्हणजे डेटाबेसची उतरवून घेतलेली प्रत. कमांड लाइनवरचा, म्हणजे बटणाऐवजी लिहिलेल्या आज्ञेने चालणारा, प्रत्येक प्रोग्राम काम संपवताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं सुरळीत, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं. बॅकअपच्या बाबतीत शून्य दिसलं की निश्चिंत व्हा. अर्थात ते शून्य खरं असायला हवं. या पत्रकाचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

बटणं का नाहीत?

बॅकअपसाठी देखणे डॅशबोर्ड मिळतात आणि आम्ही ते वापरून पाहिले आहेत. अडचण एवढीच की परवा रात्री कुणी कोणतं बटण दाबलं आणि त्यामागे काय चाललं, हे दोन महिन्यांनी सांगता येत नाही. कमांड फाइलमध्ये लिहून ठेवता येते. दुसरा माणूस ती वाचून चूक काढू शकतो, आणि रात्री दोन वाजता ती दुपारसारखीच चालते. तुमच्या सर्व्हरवर चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट तुम्ही मागितलीत तर आम्ही देतो. उद्या तुम्ही आम्हाला सोडून दुसरीकडे गेलात, तर ती त्यांच्याही उपयोगी पडेल.

ओळ पहिली: डंप

आमचे जवळपास सगळे ग्राहक पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर आहेत, म्हणून इथे त्याच्याच भाषेत बोलतो. रोज रात्री ‘पीजी-डंप’ चालतो. तो डेटाबेस बंद करत नाही आणि लिहिण्या-वाचण्याच्या आड येत नाही. तो ज्या क्षणी सुरू झाला त्या क्षणाचं चित्र तो उतरवून घेतो. मध्ये तासभर गेला तरी नंतर आलेल्या नोंदी त्या चित्रात शिरत नाहीत. एक मात्र ध्यानात ठेवा. डंप चालू असताना कुणी टेबलाच्या रचनेत बदल करायला घेतला, तर तो बदल डंप संपेपर्यंत खोळंबतो, आणि त्याच्या मागे त्या टेबलाच्या साध्या क्वेरीही (माहितीसाठीच्या विनंत्या) रांगेत अडकतात. ‘रात्री साइट गोठली होती’ अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच तपासतो.

डंप एकाच डेटाबेसचा असतो. युजर, त्यांचे पासवर्ड आणि सर्व्हरभरचे अधिकार त्यात येत नाहीत. ते ‘पीजी-डंपऑल’ने वेगळे काढावे लागतात. हे विसरलं, तर नव्या सर्व्हरवर डेटा सगळा येतो, पण आत शिरायला युजरच नसतो.

आता खोट्या शून्याकडे येऊ. जागा वाचवायला लोक डंप थेट पाइपमधून (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणारी सोय) जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला देतात. अशा वेळी शेलला, म्हणजे कमांड चालवून घेणाऱ्या प्रोग्रामला, शेवटच्या प्रोग्रामचा आकडा मिळतो. डंप अर्ध्यातच कोसळला आणि जीझिपने मिळालं तेवढं इमानदारीने दाबून ठेवलं, तर आकडा शून्यच येतो. फाइल असते, तारीख असते, आत अर्धाच डेटा. म्हणून आमच्या प्रत्येक बॅश (एक शेल) स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू केलेलं असतं, म्हणजे पाइपमधला कुठलाही प्रोग्राम फसला तरी आकडा शून्य येत नाही, आणि शक्य तिथे आम्ही पाइप टाळून कस्टम फॉरमॅटमध्येच डंप घेतो. तो स्वतःच दाबलेला असतो, आणि त्यातलं एखादंच टेबल परत काढता येतं.

दुसरा खड्डा क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा. फाइलच्या नावात तारीख घालायला टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि क्रॉनच्या फाइलीत टक्क्याचा अर्थ ‘ओळ संपली’ असा होतो. हाताने चालवलेली कमांड व्यवस्थित चालते, तीच क्रॉनमध्ये तिथेच तुटते. आमच्यातल्या प्रत्येकाने ही चूक एकदा तरी केली आहे, काहींनी दोनदा. म्हणून क्रॉनमध्ये आम्ही स्क्रिप्टचा पत्ता सोडून दुसरं काहीही लिहीत नाही.

ओळ दुसरी: बेसबॅकअप आणि वॉल

डंप काल रात्रीचा असतो. पण दुपारी ११ वाजून ४० मिनिटांनी कुणी अट न लावता डिलीट चालवलं, तर सकाळभराच्या नोंदींचं काय? त्यासाठी ही दुसरी सोय. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या रोजकीर्दीत लिहितो आणि मग सवडीने मूळ फाइलींत उतरवतो. ही रोजकीर्द सहसा १६ एमबीच्या तुकड्यांत असते. आम्ही दर आठवड्याला ‘पीजी-बेसबॅकअप’ने सगळ्या सर्व्हरची प्रत घेतो आणि वॉलचा प्रत्येक भरलेला तुकडा दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवतो. प्रत आणि रोजकीर्द एकत्र असली, की ११ वाजून ३९ मिनिटांपर्यंतचे बदल लावा आणि तिथे थांबा, असं सर्व्हरला सांगता येतं.

इथे एक बारकावा आहे. तुमच्याकडे वर्दळ कमी असेल, तर १६ एमबी भरायला तासन्‌तास लागतात, आणि तोवर ते बदल त्याच एका डिस्कवर राहतात. म्हणून आम्ही मुदत लावतो: तुकडा भरला नसला तरी दर पाच मिनिटांनी तो बंद करून हलवायचा. मेलमध्ये ‘शेवटचा वॉल’ असं लिहून पुढे वेळ येते, ती याची. एरवी गजबजलेल्या डेटाबेससमोर ती अर्ध्या तासापेक्षा जुनी दिसली, तर आमच्या फोनची वाट पाहू नका, तुम्हीच करा.

क्लस्टर म्हणजे नेमकं काय?

या शब्दाने बराच गोंधळ घातला आहे. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत क्लस्टर म्हणजे एकाच सर्व्हरखालच्या एका डेटा फोल्डरमधले सगळे डेटाबेस. एकच मशीन असलं तरी ते क्लस्टरच. बाकी जगात क्लस्टर म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या अनेक मशीन. आमच्या करारात आणि मेलमध्ये हा दुसरा अर्थ धरा.

क्लस्टरमध्ये एक प्रायमरी असतो, म्हणजे नोंदी घेणारा मुख्य सर्व्हर; बाकीचे स्टँडबाय, म्हणजे त्याची प्रत चालू ठेवणारे. प्रायमरीवर झालेला बदल स्टँडबायवर बहुधा सेकंदाच्या आत पोचतो. आता पुन्हा त्या ११:४० च्या डिलीटचा विचार करा. तेही सेकंदाच्या आत पोचतं. मशीन बिघडली तर स्टँडबाय वाचवतो, माणूस चुकला तर नाही. ‘आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, बॅकअप कशाला?’ असं कुणी विचारलं की आम्ही एवढंच सांगतो.

प्रायमरी कोण, हे ठरवायचं काम आम्ही पॅट्रोनी या प्रोग्रामवर सोपवतो. तो ही नोंद एट्सीडी या अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या नोंदवहीत ठेवतो, आणि एट्सीडी बहुमतावर चालतं. त्याचे तीन नोड (म्हणजे मशीन) असतील तर एक गेला तरी चालतो. चार केले तरी एकच जाऊ शकतो, कारण चारांचं बहुमत तीन. दोन गमावण्याची ताकद हवी तर थेट पाच. म्हणून ‘अजून एक नोड वाढवा’ असं सांगितलंत आणि आम्ही ‘वाढवायचे तर दोन’ असं म्हणालो, तर त्यात विक्रीचा डाव नाही, हिशेबच तसा आहे. बहुमताचा हा आग्रह कशासाठी? दोन मशीनमधली तार तुटली आणि दोघेही स्वतःला प्रायमरी समजून नोंदी घेऊ लागले, तर नंतर त्या दोन वह्या जुळवून देणारी कमांड कुणाकडेच नाही.

गिटलॅबची रात्र

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा एक अभियंता मागे पडलेला स्टँडबाय दुरुस्त करत होता. त्यावरचं डेटा फोल्डर रिकामं करायची कमांड त्याने दिली, ती प्रायमरीवर. सेकंद-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले. डंप चालवणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा. पीजी-डंप स्वतःपेक्षा नव्या आवृत्तीला हात लावत नाही, त्यामुळे डंप होतच नव्हते. तसं सांगणारे मेल सुटत होते, पण पोचत नव्हते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) उपयोगी पडला. त्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल या धंद्यातल्या प्रत्येकाने त्यांचे आभार मानावेत.

आम्ही त्यातून दोन गोष्टी उचलल्या. प्रायमरीवर लॉगिन केलं की आमच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल होतो. आणि आमचा मेल यश आलं तरी येतो. एखाद्या सकाळी तो आलाच नाही, तर तीच धोक्याची घंटा समजा.

ओळ शेवटची: रिस्टोअर

महिन्यातून एकदा तुमचा ताजा डंप आम्ही एका रिकाम्या मशीनवर उभा करतो. मेलमध्ये ‘रिस्टोअर ४१ मिनिटं’ असं काहीतरी दिसतं, ते त्याचं. डंप दहा मिनिटांत निघाला म्हणून रिस्टोअरही दहा मिनिटांत होईल असं समजू नका. डंपमध्ये इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या याद्या) नसतात, ते बनवायची आज्ञा तेवढी असते. परत उभारताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. त्यानंतर ‘अ‍ॅनालाइझ’ (टेबलांतल्या डेटाचा अंदाज नव्याने घेणारी कमांड) चालवायचं राहिलं, तर डेटा सगळा असूनही क्वेरी रखडतात आणि बॅकअपच खराब होता असं वाटतं. उभं राहिलेल्या डेटाबेसमध्ये आम्ही मोठ्या टेबलांच्या ओळी मोजतो आणि सगळ्यात ताज्या नोंदीची तारीख पाहतो. डंपवरची एन्क्रिप्शनची किल्लीही याच दिवशी वापरून बघितली जाते, कारण ती सर्व्हरवर ठेवलेली नसते.

तुमच्याकडून काय हवं?

दोन आकडे. किती मिनिटांचा डेटा गेला तर तुमचं भागेल, आणि किती तास बंद राहिलं तर चालेल. ‘काहीच जाऊ नये’ हेही उत्तर चालतं, पण मग प्रत्येक नोंद दुसऱ्या मशीनवर पोचल्याशिवाय पक्की धरता येणार नाही, आणि प्रत्येक नोंदीला थोडा जास्त वेळ लागेल. टेबलाच्या रचनेत मोठा बदल करणार असाल, तर आदल्या दिवशी कळवा.

आणि डिस्क भरली तर काहीही पुसू नका. एखादा स्टँडबाय बंद पडला असेल, तर त्याच्यासाठी राखलेल्या वॉलच्या फाइली प्रायमरीवर साचत जातात. जागा शोधताना त्याच आधी डोळ्यांत भरतात. जुन्या आवृत्त्यांत त्या फोल्डरचं नाव ‘पीजी-एक्सलॉग’ होतं, आणि नावात लॉग आहे म्हणून लोक ते बिनधास्त रिकामं करायचे. अखेर २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, ते नाव बदलून ‘पीजी-वॉल’ झालं. त्या फाइली पुसल्या तर पुसण्याआधी सुरू असलेला सर्व्हर नंतर उठत नाही. आम्हाला फोन करा. साचलेल्या फाइली हाताने न पुसता जागा मोकळी करायची कमांड एका ओळीची आहे, आणि ती कोणत्या स्टँडबायसाठी चालवायची हे आधी पाहावं लागतं.