कंपनीचं कार्ड आणि एअरपोर्टचा पास: दोन्ही गळ्यातच, पण एक नव्हे

भाच्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. निळी फीत, चकचकीत प्लास्टिक, त्यावर त्याचा घाबरलेला चेहरा आणि खाली ‘ग्राउंड स्टाफ’. सोबत निरोप: ‘मामा, एअरपोर्टचा पास मिळाला!’

तो पास नव्हता. नवी मुंबईच्या विमानतळावर चिकटवतो म्हणणाऱ्या एका एजंटाने पैसे घेऊन कुठल्याशा दुकानात छापून आणलेलं ते कंपनीचं ओळखपत्र होतं. आणि कंपनी खरी असती तरीही तो पास नव्हताच. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, ग्राउंड हँडलिंगमध्ये (विमान जमिनीवर असताना बॅगा, माल, प्रवासी यांची सगळी कामं) माझी वीस वर्षं गेली. त्यात हा घोळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदा लिहूनच टाकतो.

कंपनीचं कार्ड तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात असतं तसंच. नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर. हा माणूस आमचा आहे, एवढंच ते सांगतं. पुढे जाऊ.

दुसरं कार्ड म्हणजे एईपी, एअरपोर्ट एंट्री परमिट. विमानतळावर सगळे त्याला नुसतं ‘पास’ म्हणतात, नाहीतर ‘बीकॅस पास’, कारण ते बीसीएएस म्हणजे नागरी विमानन सुरक्षा ब्युरो देतं. गेटवर सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान ते तपासतो म्हणून लोकांना वाटतं सीआयएसएफच देतं. तसं नाही. ब्युरो नियम करतो, सीआयएसएफ पहारा देतं. ब्युरो नागरी विमानन मंत्रालयाखाली, सीआयएसएफ गृह मंत्रालयाखाली. आणि यात डीजीसीएला, म्हणजे नागरी विमानन महासंचालनालयाला, ओढणाऱ्या वृत्तनिवेदकांना माझा साष्टांग नमस्कार. डीजीसीए बघतं ते विमान धड उडतंय की नाही. कोणी वाईट हेतूने आत शिरतंय का, हे ब्युरो बघतो. इंग्रजीत एक ‘सेफ्टी’, दुसरी ‘सिक्युरिटी’; आपण मराठीत दोन्हीला ‘सुरक्षा’ म्हणून मोकळे होतो, तिथेच अर्धा गोंधळ होतो.

आता मुख्य मुद्दा. एईपीतलं ‘परमिट’ नीट वाचा. मुंबईकरांना समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे रिक्षा आहे. रिक्षावाल्याच्या खिशात लायसन्स असतं आणि रिक्षाला परमिट असतं. लायसन्स माणसाबद्दल बोलतं, परमिट धंदा कुठे करायचा ते बोलतं. लायसन्स कितीही कोरं करकरीत असलं तरी वांद्रे-सायनच्या पुढे दक्षिण मुंबईकडे रिक्षा जात नाही. एईपीचंही तसंच. ‘हा कोण’ हे त्यावर असतंच, पण कार्डाचा जीव दुसऱ्याच प्रश्नात आहे: ‘हा इथे कशाला आलाय?’

म्हणून कार्डावर भागांची अक्षरं छापलेली असतात. आगमन वेगळं, प्रस्थान वेगळं, मालवाहतूक वेगळी, विमानं उभी राहतात तो एप्रन वेगळा. कामाला जेवढं लागतं तेवढंच मिळतं, आणि तेही ड्यूटीवर असतानाच. सुट्टीच्या दिवशी मेहुण्याला आत सोडायला गळ्यात पास अडकवून येणारे मी पाहिलेत. पास खरा, फोटो खरा, माणूसही खरा, पण कारण खोटं. म्हणजे प्रवेश नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, जी नोकरी शोधणाऱ्या पोरांनी आधी समजून घ्यावी: हा पास एकट्याने मागताच येत नाही. अर्ज कंपनी करते. त्या कंपनीला आधी ब्युरोची मंजुरी लागते. मग माणसाची पार्श्वभूमी पोलिसांकडून तपासली जाते, सुरक्षेचं छोटं प्रशिक्षण होतं आणि त्यानंतर कार्ड. नोकरी सुटली की कार्ड परत करायचं. ‘आधी पास काढून देतो, मग नोकरी’ असं सांगणारा माणूस वरात आधी काढून नंतर मुलगी बघायला निघालाय. त्याला एक रुपया देऊ नका.

कंपनीच्या मंजुरीवर हे किती टेकलेलं आहे ते 2025 साली सगळ्यांनी पाहिलं. 15 मे रोजी ब्युरोने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सेलेबी या तुर्की कंपनीच्या भारतातल्या ग्राउंड हँडलिंगची सुरक्षा मंजुरी काढून घेतली. मुंबईतही तिचं काम मोठं होतं. कंपनी कोर्टात गेली. 7 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. विमानात बॅगा चढवणाऱ्या तिच्या मुलांचं चारित्र्य 14 मेला होतं तेच 16 मेलाही होतं. खांबच काढला, तर त्याला टेकलेली शिडी कितीही मजबूत असून उपयोग काय? त्यांना दुसऱ्या कंपन्यांत सामावून घ्यायची धडपड सुरू झाली ती यामुळेच.

पासाची आणि पहाऱ्याची ही व्यवस्था सरकारने एका बैठकीत ठरवलेली नाही. दरवेळी काहीतरी घडलं आणि नियम पुन्हा तपासले गेले. 1976 च्या विमान अपहरणानंतर पांडे समिती, तिच्या शिफारशीवरून 1978 साली डीजीसीएतच एक सुरक्षा कक्ष. 1985 साली एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने पाडलं गेलं, 329 माणसं गेली, आणि 1987 साली तो कक्ष स्वतंत्र ब्युरो झाला. 1999 साली विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सीआयएसएफ विमानतळांवर आलं. 2011 चे सुरक्षा नियम जाऊन 2023 चे आले.

बाकी किरकोळ. पास दिसेल असा लावायचा, शर्टाच्या आत नाही. हरवला तर लगेच कळवायचं. पुण्यात लोहगावला हवाई दल आणि गोव्यात दाबोळीला नौदल मालक आहे, तेव्हा त्यांच्या भागात जायचं तर त्यांची परवानगी वेगळी. आणि हो, पास असला तरी झडती होतेच. वैमानिकाचीही होते. ‘मी स्टाफ आहे’ म्हणून जवानाशी हुज्जत घालणाऱ्यांची मला अजूनही चीड येते. पासावर जायचा भाग लिहिलेला असतो, खिशात काय आहे ते नसतं.

भाच्याचे पैसे गेले ते गेलेच. सहा महिन्यांनी त्याला खरी नोकरी लागली, कार्गोत, आणि खरा पासही आला. ताई विचारते, ‘विमान अगदी जवळून दिसत असेल ना रे?’ त्याच्या पासावर एप्रनचं अक्षर नाही. विमान तो अजून नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलव्यात, घराच्या गच्चीवरूनच बघतो.