प्रायोगिक प्रोग्रॅमिंग भाषा घडवणं (डेटाफ्लो पद्धत)

प्रायोगिक प्रोग्रॅमिंग भाषा म्हणजे प्रोग्रॅमचा विचारच दुसऱ्या तऱ्हेने करता येतो का हे तपासायला बनवलेली भाषा, रोजच्या कामाला ती वापरली जाईलच असं नाही. कॉलेजात शिकवतात त्या सी, जावा वगैरे भाषांची मूळ धाटणी एकच, आधी हे कर मग ते कर, या व्हेरिएबलची किंमत बदल, परत लूप फिरव. याला इम्परेटिव्ह म्हणतात. १९५७ च्या फोर्ट्रानपासून ही वाट रुळली आणि ती फोर्ट्रान करणाऱ्या जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान) भाषणात या धाटणीतून बाहेर पडायची मागणी केली. वेगळ्या वाटा तोवर होत्याच, फंक्शनांवर भर देणारी लिस्प होती, १९७२ च्या सुमाराची फ्रान्समधल्या मार्सेयची, तर्कावर चालणारी प्रोलॉग होती.

डेटाफ्लो ही त्यातलीच एक. यात हुकूम नसतात, फक्त नाती लिहायची, एक किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात, तसंच हे. १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून आजच्या एक्सेलपर्यंतची स्प्रेडशीट याच घराण्यातली, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, एक्सेलवर कोटेशन काढणारा माणूस नकळत डेटाफ्लो प्रोग्रॅमिंगच करत असतो असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात सगळं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे डोळे लावून असतं, इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. अशा भाषेत ते असं लिहिता येईल:

फूट = राजाराम_पातळी
इशारा = फूट >= ३९
धोका = फूट >= ४३
संदेश = जर इशारा तर "सावध, " + फूट नाहीतर "ठीक, " + फूट

दिसायला सोपं आहे पण भाषा घडवणाऱ्याची खरी कसोटी इथंच लागते. पाणी ३८ वरून ३९ वर गेलं आणि इशारा अजून जुनाच असताना संदेश आधी मोजला गेला तर क्षणभर "ठीक, ३९" असं बाहेर पडेल, आणि तेवढ्यात तो मेसेज लोकांच्या मोबाईलवर गेलेला असेल. याला ग्लिच म्हणतात. उपाय असा की प्रत्येक नावाला उंची द्यायची, बाहेरून येणाऱ्या फूटला ०, इशारा आणि धोक्याला १, संदेशला २, आणि मोजताना कायम कमी उंचीचं आधी घ्यायचं. म्हणजे ओळी वरखाली लिहिल्या तरी उत्तर तेच.

उंची लावायची तर नात्यांत गोल फेरा नको. धरणाची पातळी दरवाजावर आणि दरवाजा पातळीवर, असं कुणी लिहिलं तर सुरुवात कुठून करायची? १९८० च्या दशकातल्या फ्रान्समधल्या लुस्त्र भाषेत यासाठी मागची किंमत घेण्याची सोय आहे, फेऱ्यात ती कुठंतरी असलीच पाहिजे नाहीतर कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) प्रोग्रॅम नाकारतो. लुस्त्रवर उभी राहिलेली स्केड ही प्रणाली एअरबसच्या विमानांत वापरली गेली, म्हणजे प्रयोग म्हणून सुरू झालेली गोष्ट किती लांब जाते बघा. पहिल्याच वेळी मागची किंमत नसते, मग काय धरायचं हेही प्रोग्रॅमरकडून लिहूनच घ्यावं, गुपचूप शून्य धरू नये. पाणी किती वाढलं हे मोजताना शून्य धरलं तर पहिल्याच नोंदीला तीसेक फूट वाढ दिसेल!

नावं मराठीत ठेवायची असतील तर आणखी एक काम वाढतं. लेक्सर, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर वाचून त्याचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं ओळखत असेल तर मात्रेशी अडखळतो कारण युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) काना, मात्रा, वेलांटी अक्षरं म्हणून नोंदलेल्या नाहीत, त्या वेगळ्या गटात आहेत, आणि "पातळी" चे तुकडे पडतात. शिवाय "वाऱ्याचा_वेग" मधला ऱ दोन प्रकारे टाइप होतो, एकच चिन्ह किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), दिसतं सारखं पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून नाव वाचताच त्याचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन्ही रूपं एकाच रूपात आणणं, करून घ्यावं.

कीवर्ड (जर, तर असे भाषेचे राखीव शब्द) कुठले, कंस गोल की चौकोनी, यावर लोक फार वेळ घालवतात, ते नंतरही बदलता येतं. त्यापेक्षा "का" असा एक आदेश पहिल्या दिवसापासून असावा: "का इशारा" म्हटलं की फूट ४०, मर्यादा ३९, ही किंमत राजाराम_पातळीवरून आली, अशी सगळी साखळी छापून यावी. नाती भाषेकडे आधीच असतात त्यामुळे हे तिला जमतं, इम्परेटिव्ह भाषेत तेच शोधायला डीबगर (प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून दाखवणारं साधन) लावून बसावं लागतं.