जुन्या एसयूव्हीसाठी शॉक ॲब्झॉर्बर निवडताना

जुन्या एसयूव्हीचे शॉक ॲब्झॉर्बर बदलायची वेळ आली की इंदूरच्या गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : हार्ड टाकायचे की सॉफ्ट? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘हार्ड म्हणजे दणकट’ असे समीकरण असते, आणि गाडी जुनी, वजनाने भारी, रस्तेही खडबडीत, तेव्हा बाजारात सर्वांत कडक जे मिळेल तेच घ्यावे, असे घाईघाईत ठरून जाते. जी गाडी रोज सुदामानगरातून पलासियाला कार्यालयात जाते, वाटेत मुलांना शाळेत सोडते आणि अधूनमधून घरच्या मंडळींना ओंकारेश्वरला घेऊन जाते, तिच्यासाठी हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे भौतिकशास्त्र शाळेत शिकलेल्या आंदोलनांच्या धड्यापेक्षा फारसे अवघड नाही.

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. गाडीचे वजन शॉक ॲब्झॉर्बर पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे, जुन्या सफारीच्या पुढच्या चाकांपाशी टॉर्शन बारचे (पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांडीचे), आणि बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या बाजूला कमानीच्या पाट्यांचे असते. खड्ड्यातून चाक उसळले की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा स्वतःत साठवते. साठवलेली ऊर्जा ती परत करणारच, आणि ती परत करताना तिला कोणी अडवले नाही तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील. ती अडवण्याचे काम शॉक ॲब्झॉर्बर करतो : त्याच्या नळीतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून आणि पोलादी चकत्यांच्या झडपांतून वाट काढावी लागते, आणि गतीची ऊर्जा उष्णता होऊन नळीच्या पत्र्यावाटे हवेत जाते. कार्यालयाच्या दाराला लावलेला तेलाचा डोअर क्लोजर हेच करतो. दाराचे वजन तो उचलत नाही, फक्त ते आपटू देत नाही. म्हणूनच मागची बाजू बसलेल्या गाडीला कडक शॉक ॲब्झॉर्बर लावून ती वर येत नाही. तिथे स्प्रिंग बदलावी लागते.

आता थोडा हिशेब करू. एका चाकावर गाडीच्या वरच्या भागाचा ५०० किलो भार येतो आणि तिथली स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन बल लागते, असे धरा. अशी जोडी मोकळी सोडली तर ती सेकंदाला सुमारे १.१ वेळा वरखाली होईल. मोटारींची ही नैसर्गिक वारंवारता साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असते. अडथळ्याचे प्रमाण मोजण्यासाठी अभियंते अवमंदन गुणोत्तर वापरतात. ते १ असेल तर गाडी एकदाही पलीकडे न झुलता जागेवर येते, आणि ० असेल तर झुलणे थांबतच नाही. रोजच्या वापराच्या मोटारींत ते बहुधा ०.२ ते ०.४ इतके ठेवलेले असते. गुणोत्तर ०.३ असेल तर एका पूर्ण झोक्यानंतर मूळच्या झोक्याचा जेमतेम सातवा हिस्सा उरतो. झिजून ते ०.१ वर आले, तर निम्म्याहून जास्त झोका शिल्लक राहतो आणि पुढचा खड्डा त्यावरच येऊन आदळतो.

मग गुणोत्तर थेट ०.७ किंवा ०.८ का ठेवू नये? इथेच हार्ड शॉक ॲब्झॉर्बरचा सारा युक्तिवाद कोसळतो. नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास जास्त अवमंदन उपकारक असते हे खरे. पण तिच्या सुमारे १.४ पटीच्या पुढे, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला दीड वेळेहून जलद धक्क्यांसाठी, नेमके उलटे घडते : अवमंदन जितके जास्त, तितका रस्त्याचा धक्का स्प्रिंगला वळसा घालून शॉक ॲब्झॉर्बरच्या दांड्यातून सरळ सांगाड्यात आणि आसनात पोहोचतो. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या सुमारे ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत संवेदनशील असते. डांबराची ठिगळे, गटारांची झाकणे आणि खोदून बुजवलेल्या चऱ्या शहराच्या वेगात अशीच जलद कंपने निर्माण करतात. कडक शॉक ॲब्झॉर्बर लावलेली गाडी बायपासवर स्थिर वाटते आणि जवाहर मार्गावर अंग खिळखिळे करते, याचे कारण हे आहे. रोजच्या गाडीचा बहुतांश वेळ कुठे जातो, याचा विचार खरेदीआधीच व्हायला हवा.

अर्थात, मऊ शॉक ॲब्झॉर्बर म्हणजेच चांगला, असेही नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि ज्या रस्त्यांचा पाया तिच्यावर पुरेशी काळजी न घेता घातलेला असतो, त्यांच्यावर काही वर्षांत लांब, सौम्य लाटा उठतात. डोळ्यांना त्या जवळजवळ दिसत नाहीत. पण समजा लाटेची लांबी १५ मीटर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर जाते आहे, तर धक्क्यांची वारंवारता १.१ हर्ट्झ येते, म्हणजे बरोबर आपल्या गाडीची नैसर्गिक वारंवारता. अनुनादाची ही स्थिती झिजलेल्या शॉक ॲब्झॉर्बरला उघडे पाडते : देवास किंवा उज्जैनकडच्या गावरस्त्यावर गाडी होडीसारखी डोलू लागते, मागे बसलेल्यांना मळमळते आणि वळणावर चालकाला स्टेअरिंग सारखे सावरावे लागते.

गतिरोधकांचे गणित आणखी उद्बोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येतो. त्या वेगात एका चाकाला तो पार करायला अर्धा सेकंद लागतो. गाडी सावकाश उचलली जाते आणि दट्ट्याचा वेग कमी राहतो. वसाहतींच्या तोंडाशी खिळे ठोकून बसवलेली रबराची पट्टी मात्र जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंद असते. त्याच वेगात ती एका सेकंदाच्या विसाव्या भागात चाकाखालून जाते, आणि तेवढ्यात चाकाला वर जाऊन खाली यायचे असते. एकाच शॉक ॲब्झॉर्बरने दोन्ही ठिकाणी नीट वागायचे, तर मंद हालचालीला त्याने पुरेसा विरोध केला पाहिजे, म्हणजे ब्रेक लावताना नाक झटकन खाली जाणार नाही आणि वळणावर गाडी एकदम कलणार नाही; आणि अचानकच्या जलद धक्क्याला झडप उघडून तेलाला वाट दिली पाहिजे. चांगला आणि सुमार शॉक ॲब्झॉर्बर यांतला फरक या झडपांच्या रचनेत असतो. बाहेरच्या रंगाशी किंवा नळीच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

दुकानाच्या काउंटरवर दोन शॉक ॲब्झॉर्बर शेजारी उभे करून, दांडा तळहाताने दाबून ‘हा बघा किती हार्ड आहे’ असे दाखवतात, तेव्हा हे सगळे बाजूला पडते. हाताने दांडा सरकतो तो अतिशय सावकाश, आणि त्या वेगात जलद धक्क्यांसाठीच्या झडपा उघडतसुद्धा नाहीत. शिवाय हाताला जो जोर जाणवतो, त्यात वायूच्या दाबाचा वाटा मोठा असतो. एकनळी, म्हणजे एकाच नळीत तेल आणि वायू असलेल्या, शॉक ॲब्झॉर्बरमध्ये नायट्रोजन साधारण २५ बार दाबाने भरलेला असला आणि दांडा १४ मिलिमीटर जाडीचा असला, तर तो दांडा सतत सुमारे ३९ किलो वजनाइतक्या बलाने बाहेर ढकलला जातो. दुनळीत, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या प्रकारात, हाच दाब ५ बार असेल तर ते बल ८ किलोच्या आसपास येते. दाबायला जड गेला म्हणून पहिला जास्त सक्षम, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

या दोन प्रकारांतली निवड खरोखर विचार करण्याजोगी आहे. दुनळीत आतल्या नळीत दट्ट्या आणि बाहेरच्या नळीत जादा तेल असते. तो स्वस्त असतो, बारीक धक्के मऊपणे घेतो, आणि दगड लागून बाहेरच्या नळीला पोचा आला तरी बहुधा चालत राहतो. त्याचे दुखणे उष्णतेचे आहे : खराब रस्त्यावर बराच वेळ सतत काम पडले की तेल तापून पातळ होते, त्यात वायूचे बुडबुडे मिसळून फेस होतो, आणि फेसाला छिद्रातून जायला काहीच अडचण नसल्याने विरोध ढासळतो. एकनळीत तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो, त्यामुळे फेस होत नाही, आणि तेलाची नळी थेट वाऱ्यात असल्याने उष्णताही लवकर बाहेर जाते. फ्रेंच संशोधक द कार्बन यांच्या कल्पनेवर आधारलेली ही रचना बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी कारखानी उत्पादनात आणली. मात्र तिच्या एकुलत्या नळीला पोचा आला की दट्ट्या अडकतो, आणि जास्त दाबामुळे सीलचे घर्षण वाढून छोटे धक्के थोडे टोचतात.

इंदूर शहरात फिरणाऱ्या आणि क्वचित भेरूघाट उतरणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचा, कमी दाबाचा वायू भरलेला, मूळ गाडीच्या मापाचा दुनळी शॉक ॲब्झॉर्बर पुरेसा आहे, असे मी म्हणेन. दर आठवड्याला सात माणसे आणि सामान घेऊन लांबचा प्रवास होत असेल, तर एकनळीचे जादा पैसे सार्थकी लागतात. वेगळी तेलटाकी जोडलेले किंवा चावीने कमीजास्त करता येणारे प्रकार तासन्‌तास कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत.

मापाच्या बाबतीत तडजोड नको. एका गाडीचा शॉक ॲब्झॉर्बर दुसऱ्या गाडीत बसतो, म्हणून तो तिथे चालतो असे नाही. पुढच्या बाजूला तो अनेकदा चाकापासून आत, कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मधोमध बसवलेला असतो. चाक १० सेंटिमीटर हलले आणि तो ६ सेंटिमीटरच हलला, तर चाकापाशी त्याचा परिणाम ०.६ च्या वर्गाइतका, म्हणजे ०.३६ पट होतो. जोडणीची जागा थोडी बदलली तरी अवमंदन केवढे बदलेल, हे यावरून कळते. उंच स्प्रिंग बसवून, किंवा टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी वर उचलली असेल, तर मूळ लांबीचा शॉक ॲब्झॉर्बर चाक खाली झुकताच पूर्ण ताणला जातो, आतल्या आत ठोकर खातो आणि लवकर मरतो.

खरेदीपूर्वी गाडी नीट तपासावी. दांड्याजवळ तेलाचा पुसट थर दिसणे स्वाभाविक आहे. नळीवरून ओघळ आलेला असेल तर सील गेले. टायरवर तळवा फिरवल्यावर ठरावीक अंतराने उंचसखल लाटा हाताला लागल्या, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारते आहे, असे समजावे. चाकाची ही स्वतःची उसळी सेकंदाला १० ते १५ वेळा होते, आणि त्या काळात ब्रेकची पकडही तुटक होते. बोनेट हाताने दाबून सोडण्याची परीक्षा एसयूव्हीच्या बाबतीत फारशी उपयोगी नाही, कारण एवढ्या जड गाडीला हाताने पुरेसे हलवताच येत नाही. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर डावीउजवीकडे मोजावे. ठळक फरक असेल तर आधी स्प्रिंगकडे बघावे. छोट्या खड्ड्यात ‘खट्’ असा कोरडा आवाज येत असेल, तर तो पुष्कळदा चिरलेल्या बुशचा (सांध्यातल्या रबरी अस्तराचा) किंवा स्टॅबिलायझर लिंकचा, म्हणजे गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांडीच्या जोडणीचा, असतो. असा आवाज शॉक ॲब्झॉर्बर बदलून जात नाही, आणि त्यापायी हजारो रुपये वाया गेलेले मी अनेक ओळखीच्या घरांत पाहिले आहेत.

या भागातल्या वाचकांना एक गोष्ट सोयीची आहे. गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना शेजारच्या देवासला आहे, आणि पीथमपूरला नॅट्रॅक्सचे वाहन-चाचणी केंद्र आहे, ज्याचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. म्हणजे हे शास्त्र आपल्यापासून फार लांब घडत नाही. नामांकित उत्पादकाचा माल त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून, गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून, भाग क्रमांक जुळवून, पक्क्या बिलावर घ्यावा. जुनी नळी उघडून तेल भरून आणि रंग मारून दिलेले ‘रिपेअर’चे शॉकअप कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत : त्यांत कोणते तेल किती भरले आहे आणि झडपांची काय अवस्था आहे, हे कळायला मार्ग नसतो.

बसवताना एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागते. दुनळी शॉक ॲब्झॉर्बर आडवा पडून राहिलेला असेल तर तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-सोडून आतली हवा काढावी. वरचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून मेकॅनिक पक्कड लावू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. क्रोमच्या त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडा पुढे प्रत्येक हालचालीत सीलला कापत राहतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला आल्यावर ते घट्ट करावेत, नाहीतर बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहून काही महिन्यांत फाटतात. स्ट्रटची रचना, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर आणि स्प्रिंग यांची एकत्र जोडणी, असलेल्या गाडीत त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, आणि टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. जादा हवेचा टायर स्वतःच एक कडक स्प्रिंग होतो, आणि त्याच्या उड्या आवरायला नवे शॉक ॲब्झॉर्बरही कमी पडतात.