कडुनिंबाखाली हरवलेला शत्रू

गेल्या मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला आणि भाचा मोबाइल घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. दोन मिनिटांत ओरडला, "मामा, काहीच दिसून नाही राहिलं!" ब्राइटनेस शेवटपर्यंत ओढलेला होता. मग त्याने दुसरा गेम लावला, जुन्या धाटणीचा, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा. तो बिनतक्रार चालला. पहिला गेम कितीतरी देखणा होता: संध्याकाळचं जंगल, धुकं, पानांवर चमक. नागपूरच्या उजेडात हरला तोच.

हिशेब सोपा आहे. समजा, स्क्रीनवरचा पांढरा रंग 500 निट्स (निट म्हणजे उजळता मोजायचं एकक) प्रकाश देतो आणि काळा 0.5. अंधाऱ्या खोलीत दोघांत हजार पटींचा फरक. झाडाच्या सावलीतही आभाळाचा उजेड काचेवर पडतोच. त्यातला 150 निट्स परत डोळ्यांत आला, तर तो पांढऱ्यातही मिसळतो आणि काळ्यातही. आता पांढरा 650, काळा 150.5. हजार पटींचा फरक सव्वाचार पटींवर आला. गडद झाडामागे दबून बसलेला, झाडाहून जेमतेम उजळ असा शत्रू या हिशेबात उरतच नाही.

म्हणून गेमची चित्रं करणारे एक युक्ती वापरतात. रंग काढून टाकायचे आणि चित्र कृष्णधवल करून बघायचं. नायक, शत्रू आणि पाय ठेवायची जागा तेव्हाही वेगवेगळी दिसली, तर चित्र पास. यामागे डोळ्यांचं गणित आहे. हालचाल टिपताना आपला मेंदू मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर विसंबतो. रंगाची त्याला फार थोडी मदत होते. 1978 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि रिचर्ड ग्रेगरी यांनी लाल-हिरव्या ठिपक्यांवर हे तपासलं. दोन्ही रंगांची उजळता सारखी केली, की रंग वेगळे दिसत राहतात, पण ठिपके सरकल्याचा भास मावळतो. गेममध्ये शत्रू सरकलेला न दिसणं म्हणजे काय, हे कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाला विचारा.

उजेडानंतर आकार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. महाल-इतवारीच्या गर्दीत तुम्ही कितीही मागे उभे असा, काळी मारबत कोणती आणि पिवळी कोणती, हे विचारावं लागत नाही. चेहऱ्याची नक्षी दिसायच्या आधीच रंगाचा गठ्ठा आणि बाह्याकृती आपलं काम करून जातात. 2007 च्या 'टीम फोर्ट्रेस 2' या गेममध्ये नेमका हाच विचार आहे. त्यातली नऊ पात्रं नुसत्या सावलीवरून ओळखू यावीत अशी घडवली आहेत. लाल की निळा, यावरून संघ कळतो. शिवाय छातीच्या आसपास रंगांचा विरोध मुद्दाम जास्त ठेवलाय, कारण हत्यार तिथे असतं आणि समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी कळायला हवं.

मारिओचं तर सगळं रूपच अडचणीतून जन्मलं. 1981 च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये त्याच्या वाट्याला 16 गुणिले 16 ठिपके होते, गणिताच्या वहीतल्या चौकटीच म्हणा ना. एवढ्यात केस काढणं जमेना, म्हणून टोपी. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. हात अंगात मिसळून जाऊ नयेत, म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी, खांद्यावरच्या पट्ट्यांची पँट. आज तो पोशाख जगभर ओळखला जातो. 1999 च्या 'सायलेंट हिल' या भीतीच्या गेममधलं धुकंही तसंच: जुन्या प्लेस्टेशनला लांबचं दृश्य रंगवणं झेपत नव्हतं, ते धुक्यात झाकलं आणि भीती फुकटात मिळाली.

मला 'अगदी खऱ्यासारखे ग्राफिक्स' या जाहिरातीचं फारसं कौतुक वाटत नाही ते यामुळेच. खरं जग खेळण्यासाठी रचलेलं नसतं. त्यात पाय कुठे ठेवायचा हे कुणी रंगवून सांगत नाही. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या 2020 च्या गेमने पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला, तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

खऱ्या जगातली उत्तम फसलेली रचना बघायची असेल, तर मे महिन्यात नागपुरात बर्डीच्या सिग्नलला उभे राहा. प्रत्येक गाडीवर डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळलेली, गॉगल लावलेली एकच आकृती. काकू कोण, कॉलेजची मुलगी कोण, पत्ता नाही. पण तीच व्यक्ती गाडीवरून उतरून चालू लागली, की चित्र पालटतं. स्वीडनच्या गुनार योहानसन यांनी 1973 मध्ये माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालायला लावलं. थांबलेले दिवे म्हणजे नुसते विखुरलेले ठिपके. हलू लागताच बघणाऱ्यांना क्षणात चालणारा माणूस दिसला. पुढच्या प्रयोगांत लोकांनी तेवढ्या दिव्यांवरून ओळखीची माणसंही ओळखली, अगदी दर वेळी नाही, पण निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा. गेममधल्या पात्राच्या चालीवर ॲनिमेटर रात्री घालवतात, ते उगीच नाही.

त्या दुपारी लाइन आली, तरी भाचा आत आला नाही. गल्लीच्या टोकाकडून दुपट्ट्यात गुरफटलेलं कुणीतरी चालत येत होतं. चेहरा नाही, केस नाहीत, काही नाही. त्याने स्क्रीनवरून मान अर्धीच वर केली आणि फोन झटकन खिशात टाकला.

"मामा, सांगू नको हं. आई आली."